पाण्यावरची मोजणी

मोजणीदारांनी मला पहिला धक्का दिला तो मी खोली बघायला गेले त्याच दिवशी. घोडेगावात भाड्याने खोली हवी होती, कुणीतरी पत्ता सांगितला, मी ओट्यावर चढून दार वाजवलं. दार उघडणाऱ्या उंच, वाळक्या गृहस्थांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. चपलांकडे बघितलं आणि म्हणाले, "चार बोटं डावीकडे घ्या." मला वाटलं खाली काही सांडलंय. काही सांडलेलं नव्हतं. चपला ठेवायच्या जागी फरशीवर खडूने चौकोन आखलेला होता आणि माझी उजवी चप्पल रेघेवर आली होती. मी निमूटपणे चप्पल सरकवली, तेव्हा ते प्रसन्न हसले आणि "या, आता या," म्हणाले.

आत गेले तर सगळं घर तसंच. माठाखाली खडूचं वर्तुळ, खुर्चीच्या चारी पायांना चार फुल्या, रेडिओला चौकोन. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला पाणी दिलं आणि ते आत वळताच हळू आवाजात सांगितलं, "तू घाबरू नको. मानूस चांगला हाय. लग्नात अंतरपाट धरला तवा ह्यांनी भटजीला इचारलं व्हतं, मधी किती अंतर धरायचं म्हून." पुढे कळलं की काकू रोज दुपारी त्यांच्या चष्म्याचं घर अंगठ्याएवढं सरकवून ठेवत आणि संध्याकाळी ते ओरडले की भाकरी थापता थापता हसत. तेवढीच त्यांची करमणूक.

त्यांचं नाव मी देत नाही. गावातही ते कुणी घेत नसे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली गावंच्या गावं त्यांनी नोकरीत असताना मोजली होती, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना मोजणीदारच म्हणत. दोन भावांची जमीन वाटायची असली की हे मोजणीची लोखंडी साखळी घेऊन जायचे, हद्दीवर दगड बसवायचे आणि निघायचे. कुणाच्या घरी चहा घ्यायचे नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "बाई, खुंटी रोवली की पाठ फिरवायची. मागं बघितलं की माणूस चहाला बोलावतो, आणि चहा प्यायला की हद्द वाकते." आपण रोवलेल्या हद्दीवर पुन्हा कधी गेला नाहीत का, असं विचारल्यावर ते माझ्याकडे असं बघायला लागले की मी काहीतरी अशुभच बोलले.

दुसरा धक्का मागच्या खोलीतला. तिथल्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेला घोडेगावचा नकाशा होता, एसटी स्टँडपासून तहसील कचेरीपर्यंत, आणि त्यात टाचण्या. टाचण्यांच्या डोक्यांना लाखेचे रंग. हे सकाळी ओट्यावर बसून, नंतर गावातून एक फेरी मारून, कोण कुठे उभं आहे ते बघायचे आणि घरी येऊन टाचण्या हलवायचे. कशासाठी, तर कशासाठीच नाही. "माणसं काय बोलतात ते ऐकत बसू नका, बाई. कुठं उभी राहतात ते बघा," हे त्यांचं सगळ्या जगाबद्दलचं मत.

आता हे वेडच म्हणायचं. पण बाजारात भाजी विकणारे दोघं होते, एकमेकांच्या नावाने बोटं मोडणारे, एकाने वांग्यांचा भाव उतरवला की दुसरा त्याच्या आईबापाचा उद्धार करून आणखी उतरवायचा. मोजणीदार म्हणाले, दोघं भागीदार आहेत. मी हसले. ते म्हणाले, "भांडणारी माणसं अंतर वाढवतात. हे अंतर सांभाळतात. गटार तुंबलं तेव्हा एक सरकला, तर दुसरा तेवढाच सरकला." महिन्याभराने एका लग्नात मी त्या दोघांना एकाच पंगतीत, एकमेकांच्या पानात जिलबी वाढताना बघितलं. सख्खे मेहुणे. भांडण ऐकायला गिऱ्हाईक थांबतं म्हणून भांडत होते. मी तिथे हातात घास घेऊन बघतच राहिले.

हे सगळं गमतीचं वाटत होतं, तोवर मला नकाशात एक पिवळी टाचणी दिसली. कोण म्हणून विचारलं. "तुम्ही," ते म्हणाले, अगदी सहज. "टेलिफोनच्या बूथपाशी गुरुवारी बराच वेळ थांबता. फोन करायला एवढं थांबावं लागत नाही. फोन यायची वाट बघायला लागतं. बहुतेक पुढच्या वर्षी खोली रिकामी कराल." माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्याचा फोन यायचा त्याच्याबद्दल मी जुन्नरला माझ्या आईलाही अजून सांगितलेलं नव्हतं. मी रागाने माझ्या खोलीत गेले आणि सामान बांधायला घेतलं. काकू मागोमाग हुलग्याची पिठी आणि भाकरी घेऊन आल्या, म्हणाल्या, "जेव आधी, मंग जा." जेवले, आणि राहिले. पण त्या माणसाने आपल्याला टाचणी केलं हे मी विसरले नाही.

माझी नोकरी धरणावर होती. पुण्याच्या एका संस्थेला जाणून घ्यायचं होतं की धरणाच्या पाण्यात कुठली होडी कुठे जाते, आणि मुख्य म्हणजे होडीवाले एकेकटे मासे धरतात की एकमेकांच्या सोबतीने. विचारलं तर प्रत्येक जण म्हणायचा, "आमी कुनाच्या अध्यात न्हाई न् मध्यात न्हाई." म्हणून संस्थेने जीपीएसची छोटी यंत्रं दिली होती. तेव्हा ती नवलाचीच वस्तू. यंत्र होडीत ठेवलं की ते थोड्या थोड्या वेळाने आपली जागा टिपून ठेवायचं. मी ती यंत्रं प्लास्टिकच्या डब्यांत घालून होड्यांना बांधली होती. आठवड्यातून एकदा सकाळी जीपने वर जायचं, डब्या गोळा करायच्या, कॉम्प्युटरला जोडून बिंदूंचे कागद छापायचे, डब्या परत द्यायच्या. होडीवाल्यांनी यंत्राचं नावच 'डबी' ठेवलं होतं.

ही माणसं पूर्वी शेतकरी होती. धरण भरलं तेव्हा त्यांची गावं आणि भातखाचरं पाण्याखाली गेली, तेव्हापासून त्याच पाण्यात ती जाळी टाकत होती. त्यांची एक सहकारी संस्था होती आणि तिचा एक चेअरमन होता, आवाज मोठा, मन साधं.

छापलेले कागद मी घरी नेले आणि तिथेच पुढच्या सगळ्याची सुरुवात झाली. मोजणीदारांनी ते नुसते बघितले नाहीत, ताब्यातच घेतले. आधी मात्र नाक मुरडलं. पाण्याबद्दल त्यांना तिटकारा होता. खरं सांगायचं तर भीती होती. त्यांना पोहता येत नसे, घोड नदीच्या पुलावरून जातानासुद्धा ते मधोमध चालत. "पाण्यावर खुंटी रोवता येत नाही," ते म्हणाले. "जिथं खुंटी राहत नाही तिथं मोजणी कसली?" असं म्हणत त्यांनी पहिला कागद उचलला, खिडकीच्या काचेवर धरला, आणि जरा वेळाने म्हणाले, "ही होडी चरतेय."

"काय?"

"चाल बघा. चार पावलं इकडे, थांबली. दोन पावलं तिकडे, थांबली. वर चढली. होडी अशी चालत नाही, बाई. हे जनावर आहे."

मी दुसऱ्या दिवशी जाऊन चौकशी केली. एका बहाद्दराने डबी शेळीच्या गळ्यात बांधली होती. "होडीत भिजती राव, म्हून," तो म्हणाला. "शेळी तरी जपून वागती." बिंदूंच्या चालीवरून शेळी ओळखणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. त्या दिवसापासून त्यांनी मागच्या खोलीत घोडेगावच्या शेजारी धरणाचाही नकाशा लावला.

त्या नकाशात दोन टाचण्या त्यांना सापडल्या. एक निळी, एक लाल. दोन सख्खे भाऊ होते, निळा थोरला आणि लाल धाकटा, दोघांच्या वेगळ्या होड्या. दोघांचा एकमेकांशी अबोला होता आणि तो साऱ्या धरणाला माहीत होता. एकाच्या पोराचं बारसं असलं तर दुसरा त्या दिवशी परगावी जायचा. समोरासमोर आले तर एक जण थांबून तंबाखू मळायला लागायचा, दुसरा निघून जाईपर्यंत. अबोल्याचं कारण मोजणीदारांना चांगलं माहीत होतं, कारण ते त्यांनीच बसवलं होतं. गाव बुडायच्या आधी या भावांची वाटणी झाली तेव्हा मोजणी यांनीच केली, दगड यांनीच रोवला, आणि दोघांच्या बापाने लावलेला आंबा धाकट्याच्या हद्दीत गेला. थोरला म्हणाला, मोजणी फितूर झाली. धाकटा म्हणाला, सरकारनं दिलं ते माझं. पुढच्या दोनच पावसाळ्यांत आंबा, दगड आणि दोघांची शेतं, सगळंच पाण्याखाली गेलं. जमीन गेली, अबोला तेवढा वर राहिला.

आणि तेच दोघं मोजणीदारांच्या नकाशात रोज सोबत फिरत होते.

त्यांनी दोघांच्या कागदांवर पारदर्शक कागद ठेवून रेघा गिरवल्या आणि मला बोलावून दाखवलं. थोरला जिथे जाईल तिथे धाकटा, मध्ये ठरावीक अंतर ठेवून. थोरला थांबला की धाकटा थांबे. थोरला वळला की जरा वेळाने धाकटा वळे. "उलटं कधीच नाही," मोजणीदार म्हणाले. "हा वळला म्हणून तो वळला, असंच. तो वळला म्हणून हा कधी वळला नाही. ही सोबत नाही. हा पाठलाग आहे."

त्या सुमारास धरणात कुरबुर चालू होती. जाळ्यांतले मासे नाहीसे व्हायचे, रात्री टाकलेलं जाळं सकाळी अर्धं रिकामं निघायचं. प्रत्येकाचा प्रत्येकावर संशय. त्यात आणखी एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली होती: थोरल्याच्या जाळ्याला तरंगायला बांधलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर कुणीतरी पांढरी फडकी गुंडाळली होती. फक्त थोरल्याच्याच. मोजणीदारांनी हे ऐकलं आणि टाळी वाजवली. "खूण! चोर खूण करून ठेवतो."

काकू दारात उभ्या राहून तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "ज्येचं जातंय त्यो कुटं वरडतोय?"

खरंच, थोरल्याने आजवर तक्रार केली नव्हती. पण मोजणीदारांनी तिकडे लक्ष दिलं नाही. माणसं काय बोलतात हे ते मोजत नसत, मग माणसं काय बोलत नाहीत हे कुठून मोजणार? मी त्यांना बजावून सांगितलं, काका, ही माहिती कुणाच्या नावासकट बाहेर द्यायची नाही, संस्थेची तशी अट आहे. ते "बरं" म्हणाले. पण चेअरमन एकदा कसल्याशा उताऱ्यासाठी तालुक्याला आला, घरी पाणी प्यायला थांबला, आणि त्याने मागच्या खोलीतला धरणाचा नकाशा बघितला. निळी लाल टाचणी कोण हे त्याने विचारलं. विचारलेल्या हद्दीचं उत्तर न देणं मोजणीदारांना जमतच नसे.

चेअरमनने वर धरणावरच्या शाळेच्या ओसरीवर बैठक बोलावली आणि मोजणीदारांना नकाशासकट यायला सांगितलं. मला कळलं तेव्हा मी जीप पकडून गेले, मोजणीदारांना बाजूला घेतलं, हात जोडले. ते म्हणाले, "बाई, मी कुणाविरुद्ध बोलत नाही. अंतर सांगतो." आणि त्यांनी भिंतीवर नकाशा ठोकला.

त्या धरणावर एक रीत होती. कुणी दुसऱ्याच्या जाळ्याला हात लावला हे ठरलं की त्याची होडी काठावर ओढून पालथी घालायची, आणि सगळा हंगाम ती तशीच राहायची. येणारा जाणारा बघायचा. त्या घरच्या पोरीला स्थळ येताना लोक आधी होडी कशी आहे ते विचारायचे. धाकट्याची पोरगी लग्नाची होती.

मोजणीदार बोलले. अंतर सांगितलं, वळणं दाखवली, फडकी सांगितली. त्यांचा आवाज अगदी कोरडा होता आणि म्हणूनच माणसांना तो खरा वाटला. ओसरीवर आधी कुजबुज झाली, मग आरडाओरडा. "भावाच्या जाळ्यात हात घालतो व्हय रं?" "लाज न्हाई का?" एक म्हातारा थुंकला. धाकटा खांबाला टेकून बसला होता. चेअरमन म्हणाला, "बोल की गड्या. त्याच्या मागं मागं जातोस का न्हाई?"

"जातो," धाकटा म्हणाला.

"फडकी तूच बांदली?"

"मीच."

"कशापायी?"

धाकट्याने मान खाली घातली. "घाला पालथी," तो म्हणाला. एवढंच.

माणूस चोर असता तर नाही म्हणाला असता. मी काही बोलणार एवढ्यात मागच्या बाजूला थोरला उठला. "कुटं हाय त्यो नकाशा? मला बघू द्या," तो म्हणाला. लोकांनी वाट दिली. तो पुढे आला, बायकांच्या बाजूने, एका पोराच्या पायाला अडखळला, आणि भिंतीपाशी थांबला. नकाशा त्याच्या डाव्या हाताला होता. तो उजव्या हाताने कोरी भिंत चाचपत राहिला.

त्याचा तळहात भिंतीवरून हळूहळू सरकत गेला, नकाशाच्या कडेला लागला, मग टाचणीला. टाचणी टोचली तेव्हा त्याने हात मागे घेतला आणि आमच्याकडे तोंड केलं. नेमकं आमच्याकडे नाही, जरा बाजूला.

"मला दिसत न्हाई," तो म्हणाला. "काचबिंदू हाय. पुन्याच्या डाक्टरनं सांगितलं, गेली ती नजर परत यायची न्हाई. पांढरं काय असलं तर तेवढं उजळतं. म्हून फडकी. मी कुनाला बोललो न्हाई, बोललो तर तुमी होडी काढून घेतली असती. ह्येलाबी बोललो न्हाई. ह्येनं आपलं आपुन वळखलं अन् माझ्या मागं यायला लागला. ह्याच्या वल्ह्याची कडी वाजती. ती मागं वाजती तवर मी पान्यात जातो. ज्या दिशी वाजत न्हाई त्या दिशी मी घरी बसतो."

धाकट्याच्या वल्ह्याची कडी! ती कुरकुर साऱ्या धरणाला ठाऊक होती. तेल घाल तेल घाल म्हणून सगळे त्याची टर उडवायचे, आणि तो "घालतो की" म्हणून हसायचा. मीही ती पहाटे काठावर उभी राहून ऐकली होती. यंत्राने ती टिपली नव्हती, कारण यंत्र आवाज टिपत नव्हतं.

धाकटा उठून उभा राहिला. वाटणीपासून इतक्या वर्षांत तो भावाशी एक अक्षर बोलला नव्हता. त्याचा चेहरा रागाने लाल झाला होता. "कशाला बोललास दादा?" तो ओरडला. "बुडाली न्हवं आता होडी!"

"तुला चोर म्हन्त्यात अन् मी गप ऱ्हाऊ व्हय?" थोरला म्हणाला.

बायका रडायला लागल्या. मी मोजणीदारांकडे बघितलं. ते नकाशाशेजारी उभे होते आणि त्यांचा हात अजून लाल टाचणीवर होता.

मला वाटलं होतं आता सगळे उठून भावांना मिठ्या मारतील. तसं काही झालं नाही. चेअरमनने डोळे पुसले आणि नियम वाचला. ज्याला दिसत नाही त्याला होडी एकट्याने पाण्यात घालता येणार नाही, जिवाला धोका आहे, उद्या बुडाला तर संस्था अडकेल. म्हणजे होडी काठावर ओढली गेली ती थोरल्याचीच. चोरीची नाही म्हणून पालथी घालू नका, असं कुणीतरी म्हणालं, पण उताणी ठेवली तर पावसाचं पाणी भरून कुजते. त्यामुळे पालथीच घातली. मासे कोण नेत होतं ते काही कळलं नाही; बहुतेकांच्या मते पाणमांजर.

परतताना जीपमध्ये मोजणीदार म्हणाले, "अंतर बरोबर होतं."

माझा तोल सुटला. त्या जीपमध्ये आणखी माणसं बसली होती याचंही मला भान राहिलं नाही. एका आंधळ्याच्या पोटावर तुम्ही पाय आणलात, मी म्हणाले, आणि तुम्हाला अंतर सुचतंय? तुमच्या दगडानं त्यांना एकदा तोडलं, ते आपलं आपण काहीतरी सांधून बसले होते, तर तुम्ही तेही उकरलंत. घोडेगाव आल्यावर उतरता उतरता ते म्हणाले, "अंतर बरोबर होतं. नाव चुकलं."

घरी काकूंना सगळं सांगितलं. त्या नवऱ्याला फक्त एवढंच म्हणाल्या, "चोर कदी वाजत जातो का वो?" त्या संध्याकाळी मोजणीदारांनी नकाशातल्या सगळ्या टाचण्या काढल्या. भाजीवाले, पोस्टमन, मी, सगळे एका काचेच्या बरणीत. काकूंनी चष्म्याचं घर अंगठ्याएवढं सरकवून ठेवलं, तर ते ओरडलेसुद्धा नाहीत. काकू भ्याल्या. म्हणाल्या, "बाई, ह्यांना काय झालं तर मी काय करू?"

दुसऱ्या दिवसापासून ते पहाटेच्या पहिल्या एसटीने कुठेतरी जायला लागले. दुपारी परत यायचे, जेवायचे, झोपायचे. विचारलं तर "फिरायला" म्हणायचे. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, त्यामुळे खोदून विचारलंही नाही.

पुढच्या खेपेला मी डब्या गोळा करून आणल्या. थोरल्याची डबी मी होडीतून काढलीच नव्हती. ती पालथ्या होडीखाली पडून असेल, यंत्र परत करायला हवं म्हणून तीही मागवली होती. एका होडीवाल्याच्या पोराने सगळ्या डब्या एकत्र जीपपाशीच आणून दिल्या, मी काठावर गेलेच नाही. कॉम्प्युटरवर बिंदू उमटायला लागले आणि मी खुर्चीतून उठलेच. थोरल्याच्या डबीचे बिंदू पाण्यावर होते. काठावर एक ठिपका असायला हवा होता, तर होडी रोज सकाळी पाण्यात जात होती.

आंधळा माणूस चोरून एकटा निघाला, हेच माझ्या मनात आलं. मग मी नीट बघितलं. थोरल्याची पूर्वीची चाल मला पाठ झाली होती, डगमगती, चाचपडत जाणारी. ही तशी नव्हती. ही होडी काठापासून जाळ्यापर्यंत पट्टीने आखल्यासारखी सरळ गेली होती. तिथे काटकोनात वळली होती. पुन्हा सरळ, पुन्हा काटकोन. जगातला कुठलाही होडीवाला वल्ही मारताना काटकोनात वळत नाही.

होडी मोजणी करत होती.

आणि तिच्या मागे, तेच जुनं अंतर ठेवून, धाकट्याचे बिंदू तेच खुळचट काटकोन करत चालले होते.

मी दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच जीप गाठली. काठावर पोचले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. पाण्यावर आधी कडीची कुरकुर ऐकू आली, मग एक कोरडा, थरथरणारा आवाज. "सरळ. सरळ. अर्धी साखळी राहिली. थांबा! आता उजवा हात." थोरला वल्ही मारत होता. त्याच्या समोर, दोन्ही हातांनी होडीच्या कडा घट्ट धरून, धोतर गुडघ्यांपर्यंत भिजलेलं, चेहरा भीतीने पांढराफटक, असे आमचे मोजणीदार बसले होते. पाय पोटाशी घेतलेले. लाट आली की डोळे मिटायचे आणि लगेच उघडायचे, कारण त्या होडीत डोळे तेवढे त्यांचेच होते.

चेअरमन माझ्याशेजारी दात घासत उभा होता. "आमी न्हाईच म्हनलं व्हतं," तो म्हणाला. "तर म्हनले, आंधळ्यानं एकट्यानं जायचं न्हाई एवढंच लिवलंय. मी बसतो. रोज बसतो. पयल्या दिशी उलट्या झाल्या राव त्यास्नी! धाकटा म्हनला, उतरा, मीच बसतो दादासंगं. तर थोरला म्हनतो, तुझी होडी कोन चालवनार, तुझी पोर कोन उजवनार?"

"म्हणजे बोलतात का आता दोघं?"

"छ्या! ते त्येवढंच. दोघंबी पुन्हा मुके. मोजनीदार मधी निरोप्या."

होडी काठाला लागली. मोजणीदारांना उतरता येईना, पाय आखडले होते. थोरल्याने चाचपडत त्यांचा हात धरला, धाकट्याने मागून येऊन दुसरा, आणि दोघांनी त्यांना उचलून चिखलात उभं केलं. एकमेकांशी न बोलता. थोरल्याच्या घरून चहा आला होता. मोजणीदारांनी कप घेतला आणि प्यायले. मी त्यांना कुणाच्या हद्दीवर चहा पिताना पहिल्यांदा बघितलं.

राग होता तो कुठे गेला कळेना. मी जवळ गेले आणि म्हणाले, "काका, तुम्हाला पोहता येत नाही. हे रोज कुठवर करणार?"

त्यांनी कप खाली ठेवला, चार बोटं डावीकडे सरकवला.

"पाण्यावर खुंटी रोवता येत नाही, बाई," ते म्हणाले. "म्हणून रोज यावं लागतं."